मोहटोल्याचा घोडबंगला

१

देवाजी मालगुजारांना मरायचंच होतं तर थंडीच्या दिवसांत मरायचं होतं, असं ठाणेदार नागोराव मुनघाट्यांच्या मनात आलं आणि लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली. वैशाखाचं ऊन होतं. कुरखेड्याहून मोहटोल्यापर्यंत सायकल दामटता दामटता त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. मागून लच्छू शिपाई धापा टाकत येत होता. अर्धा गाव तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेला, त्यामुळे वाटेत घोटभर पाणी द्यायलाही माणूस नव्हता. पेन्शन जवळ आली होती. बायको माघात गेली होती. घरी बसून तरी काय करायचं, हा प्रश्न होताच. पण म्हणून काय असल्या उन्हात प्रेतं बघत हिंडायचं?

प्रेत घोड्याच्या खोलीत पडलं होतं. खोलीच म्हणायला पाहिजे, कारण तो नुसता तबेला नव्हता. गावात त्याला घोडबंगला म्हणत. मालगुजारी गेली, गावं सरकारजमा झाली, आणि तेव्हाच मालगुजारांच्या डोक्यात हे खूळ शिरलं. नागपूरहून आर्किटेक्ट आणवला. घरामागच्या परसात सहा घोड्यांचा असा तबेला उठवला की पाहणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. सिमेंटच्या भिंती. इमारत पूर्व-पश्चिम लांबट, म्हणजे लांबच्या भिंतींवर ऊन ठाण मांडून बसू नये. छपराच्या माथ्यावर गरम वारा निघून जायला लांबच लांब फट. दरवाजे दोन तुकड्यांचे, वरचा उघडला की घोड्यानं आरामात मान बाहेर काढावी. घोड्याला दोरानं बांधायचं नाही, प्रत्येकाला आपापली मोकळी खोली. मधोमध दाण्याची खोली आणि तिच्या दोन्ही बाजूंना घोड्यांच्या खोल्या. सगळं होतं, फक्त घोडे नव्हते. बाकीचे विकून झाले होते. उरली होती एक घोडी, सारजा, आणि त्या एवढ्या मोठ्या बंगल्यात ती एकटी राहत होती.

मालगुजार तिच्याच खोलीत उताणे पडले होते. डोकं मागून फुटलेलं. घोडी पलीकडच्या कोपऱ्यात अंग चोरून उभी होती. बाहेर मालगुजारांचे धाकटे भाऊ सोमाजी बंदूक घेऊन उभे होते. रात्री मालक घोडी पाहायला आत गेले असतील, घोडीनं लाथ झाडली असेल, असं ते म्हणाले. पंचांनी माना डोलावल्या. ठाणेदारांनी एकदा पंचनामा आटपला की घोडीला गोळी घालायची, म्हणजे विषय संपला.

नागोरावांना खरं सांगायचं तर बरंच वाटलं. लाथ म्हणजे अपघात. अपघात म्हणजे एक कागद, आणि दिवेलागणीच्या आत घर. त्यांनी लच्छूला लिहायला बसवलं.

तेवढ्यात अयूब पुढं आला. हा मालगुजारांचा घोडेवाला, पंधरा-वीस वर्षांपासून यांच्याच घरी. सकाळी प्रेत यानंच पाहिलं होतं. डोळे सुजलेले, पण आवाज शांत.

"ठाणेदारसाहेब, लिवू नका," तो म्हणाला. "सारजानं मालकाले मारलं नाई."

सगळे त्याच्याकडे पाहायला लागले. सोमाजींच्या हातातली बंदूक थोडी खाली आली.

"घोडीनं मारलं नाई, तं मंग कोनं मारलं?" नागोरावांनी विचारलं. "तुवा मारलं काय?"

अयूब मान खाली घालून घोडीच्या दारापाशी जाऊन उभा राहिला.

२

नागोरावांना त्याचा असा राग आला की विचारू नका. अरे बाबा, तुला कोणी विचारलं होतं? प्रकरण आपोआप मिटत होतं. आता हा अपघात नव्हता, आणि अपघात नसेल तर सगळ्यात आधी संशय कोणावर जाणार, हे त्या मूर्खाला कळत नव्हतं की काय?

सोमाजींनी तर तिथल्या तिथं सांगून टाकलं. परवा मालकांनी अयूबला भर चावडीत थोबाडीत मारली होती. कारण काय, तर अयूबची खाट. इतकी वर्षं तो घोड्यांच्या पायथ्याशी झोपायचा; नव्या नकाशात घोडेवाल्याची खोली लांब, आंब्यापलीकडं काढलेली. अयूब म्हणाला, मी नाही जाणार, घोडी एकटी भिते. मालकांनी खाट बाहेर फेकली आणि लोकांदेखत त्याला मारलं. हे सगळ्या गावानं पाहिलं होतं. अयूबची बायको कनीज तिथंच कडेला उभी होती, तिनं पदर तोंडावर घट्ट ओढला.

नागोरावांनी अयूबला घोड्याच्या खोलीत नेलं आणि विचारलं, घोडीनं मारलं नाही हे तू कशावरून म्हणतोस. तो म्हणाला, साहेब, तुम्हीच पाहा. त्यानं सारजाला हलकेच हाक मारून दोन पावलं पुढं आणलं. तिचे चारही पाय थरथरत होते. खालची फरशी तांबडी, घोटून घोटून आरशासारखी केलेली. घोडीचा मागचा पाय सरकला, तशी ती घाबरून जागच्या जागी खिळली. अयूबनं तिच्या कोपऱ्यात वाळू आणि भाताचं तणस पसरून ठेवलं होतं. त्याबाहेर ती पाऊलच टाकत नव्हती. खायलासुद्धा मान लांब करून खायची.

"लाथ माराले पुढच्या पायावर भार द्या लागते, साब," अयूब म्हणाला. "ह्या फरशीवर तिनं लाथ झाडली असती तं तिची तीच आपटली असती. अन् मालक पडले होते दारापाशी. तिथपर्यंत ते जातच नाई."

हे खरं होतं. नागोरावांनी वाकून पाहिलं. जिथं डोकं टेकलं होतं तिथं रक्त अगदी थोडं होतं, आणि एवढी मोठी खोक पडल्यावर ते इतकं थोडं कसं, हे त्यांना कळेना. जखमही आडवी, सरळ रेषेत होती. खुराची जखम अशी पडत नाही, हे त्यांना पोलिसात जन्म गेल्यामुळं कळत होतं. म्हणजे माणूस मेला दुसरीकडं आणि इथं आणून टाकला. पण हे कळल्यानं त्यांना आनंद झाला नाही.

"तुले समजते ना तू काय केलं?" त्यांनी अयूबला विचारलं. "घोडी वाचली, पन तुही मान फासात गेली."

"समजते जी," तो म्हणाला. "पन मुक्या जनावरावर खोटा आळ कसा घेऊ देऊ? तिले बोलता येत असतं तं मी चूप राह्यलो असतो."

प्रेत बैलगाडीत घालून गडचिरोलीच्या दवाखान्याकडं पाठवलं. अयूबच्या हाताला लच्छूनं दोर बांधला आणि त्याला ओसरीच्या खांबापाशी बसवलं. कनीज त्याच्याजवळ जाऊन बसली. तिला कोणी हटकलं नाही. सोमाजींनी गावकऱ्यांना मोठ्यानं सांगितलं की घोडेवाला सापडला. संध्याकाळपर्यंत दुसरा कोणी सापडला नाही तर अयूबलाच घेऊन जावं लागणार होतं, आणि एकदा हा माणूस खुनाच्या गुन्ह्यात आत गेला की त्याच्यासाठी वकील कोण देणार होतं, हे नागोराव जाणून होते.

३

आर्किटेक्ट मधुकर वझलवार पडवीत एका पेटीवर बसला होता. तरुण, चष्मेवाला, नागपूरचा. गेले काही महिने तो मोहटोल्यातच मुक्काम ठोकून होता. त्याची बॅग भरलेली दिसली, तेव्हा नागोरावांनी विचारलं, निघालात की काय?

तो उसळलाच. निघणारच होतो, म्हणाला, आज सकाळी. मालकांशी बोलणंच खुंटलं होतं. आपण फरशीला आडव्या खाचा मारायला सांगितल्या होत्या, नकाशात एक एक खाच काढून दिली होती, म्हणजे खूर रुतावा आणि पाणी मोरीकडं वाहावं. मालक म्हणाले, दिवाणखान्यासारखी चकचकीत पाहिजे. गवंड्यांना चार दिवस घोटायला बसवलं. अहो, घोडा म्हणजे काय नाचणारी बाई आहे का? जगात कुठल्याही तबेल्यात अशी फरशी नसते. आपलं नाव खराब झालं. उद्या नागपुरात लोक म्हणतील, वझलवारच्या तबेल्यात घोडे पडतात.

इथं एक माणूस मेला होता आणि याला आपल्या नावाची पडली होती. नागोरावांनी घाम पुसला आणि त्याला बोलू दिलं. माणूस स्वतःच्या दुःखावर बोलत असला की बाकीचं आपोआप सांगून जातो, एवढं त्यांना ठाऊक होतं.

"आणि नुसतं मालकांचं नाही," वझलवार म्हणाला. "इथल्या लोकांना काही सांगून उपयोगच नाही. मी शंभरदा बजावलं होतं, सिमेंटला शेण लावू नका, डाग पडतात. आज उजाडताच, ही बोंब व्हायच्या आधी, पाहतो तर दाण्याच्या खोलीत कोणी शेणानं सारवून ठेवलंय! सगळी खोली नाही, मधलाच एवढा तुकडा. कालच फरशी पूर्ण झाली होती हो."

नागोरावांनी हूं म्हटलं. सारवायची सवय बायकांची, त्यात नवल काय. त्यांनी विचारलं, कालच पूर्ण झाली म्हणजे? बाकी फरशी तर कधीची आहे ना?

वझलवार जरा ओशाळला. ती एक गंमतच आहे, म्हणाला. दाण्याच्या खोलीत मधोमध एक चौकोन त्यानं मातीचाच ठेवला होता. मालकीणबाईंनी सांगितलं होतं. सुगंधाबाई तशा कधी त्याच्याशी बोलायच्या नाहीत, पण पाया खोदायला घेतला तेव्हा एकदा येऊन म्हणाल्या की इथं एवढी जागा झाकू नका. का, ते सांगितलं नाही. पूर्वी तिथं मोहाचं झाड होतं, ते तोडलं होतं. तिथल्या मातीचं काहीतरी असेल, देवबिव असेल, म्हणून त्यानं नकाशात ठेवून टाकलं. परवा तो नागपूरला गेला, काल संध्याकाळी आला, तोवर मालकांनी गवंडी लावून ते सिमेंटनं बंद करून टाकलं होतं.

"मालक काय म्हनाले?"

"म्हणाले, तबेल्यात माती ठेवलीस तर तो तबेला कसला?"

नागोरावांनी ते ऐकून घेतलं. त्या घडीला त्यांना त्यात काही दिसलं नाही. त्यांना फक्त चहा पाहिजे होता.

४

चहा रंभानं आणला. ही घरातली कामाला असलेली बाई, बोलायला मोकळी. सोमाजी माजघराच्या उंबऱ्याशी बसले होते, एक हात कमरेवर दाबून. नागोरावांनी विचारलं, कंबर धरली काय भाऊ? ते म्हणाले, हो, सकाळी दादांना पाहायला धावत गेलो आणि त्या फरशीवर पाय सटकला.

रंभा तोंडातल्या तोंडात म्हणाली, "सकाळी तं तुमी आत गेलेच नाई ना, भाऊ. बाहेरच उभे होते."

सोमाजींनी तिच्याकडं असं पाहिलं की ती एकदम चूप झाली. त्यांनी विडी पेटवली, पण दोन काड्या वाया गेल्या. मग उठून, उन्हात घोडीला पाणी पाजायचंय म्हणून निघून गेले. घोडीची त्यांना इतकी काळजी कधीपासून, हे नागोरावांना कळेना. सकाळी तर तिला गोळी घालायला निघाले होते.

म्हणजे ओझं उचललं ते सोमाजींनी. देवाजी मालगुजार म्हणजे आडव्या अंगाचा माणूस, कुठून तरी उचलून घोड्याच्या खोलीत आणायचा म्हणजे कंबर जाणारच. पण मग मारलं कोणी? भावाभावांत वैर आहे असं कोणी म्हणत नव्हतं. धाकट्यानं थोरल्यापुढं कधी वर मान केली नव्हती, हे गावात ज्याला विचारावं तो सांगत होता. उगाच कोणाचं ओझं कोण उचलतो?

सुगंधाबाई आत होत्या. त्यांना विचारायचं म्हणजे त्यांच्या दुःखात जायचं, आणि नागोरावांना आज दुसऱ्याच्या दुःखात जायची ताकद नव्हती. त्यांनी रंभालाच विचारलं, बाईंचं कसं काय?

"रडतच नाई बाप्पा," रंभा म्हणाली. "सकाळपासून गप बसल्या हायेत. मालकाले गाडीत घातलं तं मी शेणाची पाटी घेतली, म्हंतलं घोड्याच्या खोलीत जागा सारवतो. सारवाव लागते ना, मानूस उचलला की. तं बाई म्हने, तिथी नको. मंग मी दिवा लावाले निघाली, तं म्हने, तिथी काऊन लावाचा? ठेव तो दिवा, मी पाहीन."

नागोरावांच्या हातातली कपबशी तशीच राहिली.

माघात त्यांच्या घरात हेच झालं होतं. बायकोला नेल्यावर घरात बाईमाणूस नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतः, आयुष्यात पहिल्यांदा, गुडघे टेकून ती जागा शेणानं सारवली होती. वाईट सारवलं होतं. मग परातीत पीठ पसरून त्यावर दिवा ठेवला होता आणि दहाही दिवस तेल घातलं होतं. जिथं जीव गेला, जिथून माणूस उचलला, ती जागा कोणी तशीच सोडत नाही. पोटात कितीही दुःख असो, रोग असो, भांडण असो, ते करावंच लागतं. न करता राहवतच नाही.

आणि या घरात मालकाचं प्रेत ज्या जागेवरून सगळ्यांच्या डोळ्यादेखत उचललं, ती जागा कोरडी होती. सारवलेली होती ती दुसरीच, दाण्याच्या खोलीतली, आणि तीही प्रेत सापडायच्या आधीपासून. त्या चष्मेवाल्यानं सकाळपासून तक्रार केली होती आणि ठाणेदारांनी ती कानाआड टाकली होती.

त्यांनी चहा खाली ठेवला. ते उठले. आता त्यांना कळलं होतं की दिवेलागणीला कोण कुठं येईल, आणि ते कळल्यामुळं त्यांना मुळीच बरं वाटलं नव्हतं.

५

दाण्याची खोली थंड होती. छपरातल्या फटीतून शेवटचा उजेड येत होता. वझलवारचं कौतुक करावं तेवढं थोडं, खोलीत वारा खेळत होता. भिंतीला लागून दाणा साठवायची सिमेंटची कोठी, तिची कड चाकूनं कापल्यासारखी सरळ. नागोरावांनी त्या कडेवर हात फिरवला. पुसलेली होती, पण कोपऱ्यात काळपट डाग राहिला होता. खाली मधोमध शेणाचा तो चौकोन वाळून फिकट झाला होता. हाताचे अर्धगोल फराटे एकाला एक लागून, कुठं तडा नाही, कुठं जाड नाही. वर्षानुवर्षं सारवणाऱ्या हाताचं काम होतं ते. सोमाजींना असं जमलं नसतं.

ते दाराच्या आडोशाला गोणीवर बसून राहिले. थोड्या वेळानं सुगंधाबाई आल्या. हातात परात, परातीत पीठ, पिठावर पणती. त्यांनी परात चौकोनावर ठेवली, वात पेटवली आणि हात जोडले. नंतर त्यांना ठाणेदार दिसले. त्या दचकल्या नाहीत.

"आधी अयूबले सोडा," त्या म्हणाल्या.

"सोडतो, बाई. पन तुमी सांगा."

त्या तिथंच जमिनीवर बसल्या. बोलणं सगळं एका सुरात होतं. त्यांना एक मूल झालं होतं, एकच. मुलगा. सहा महिन्यांचा होऊन गेला. लहान लेकरू जाळत नाहीत, म्हणून परसातल्या मोहाच्या झाडाखाली पुरलं. तेव्हापासून दर सोमवारी त्या तेवढी जागा सारवायच्या. पुढं मूल झालं नाही. मालक कधी त्याबद्दल बोलले नाहीत, आणि त्याही बोलल्या नाहीत. मग घोडबंगला आला. वारा कसा वाहतो, ऊन कुठून येतं, हे पाहून त्या साहेबानं जागा ठरवली, ती नेमकी तीच. झाड गेलं. त्यांनी साहेबाला सांगून तेवढी माती वाचवली. काल रात्री दाण्याच्या खोलीत आल्या तर सिमेंट, आणि मालक ते पाहत उभे.

"मी म्हंतलं, हे फोडा. इथी आपलं लेकरू हाये. तं ते हासले. म्हने, इतक्या वर्षांचं काय राह्यलं असन तिथी? मातीच झाली असन. अन् उद्या नागपूरचे पाहुणे आले तं त्याईले काय सांगू, तबेल्यात मढं गाडलं हाये म्हनून?" सुगंधाबाई थांबल्या. "मी ढकललं, साहेब. लगीन झाल्यापासून कधी हात लावला नोहता. पहिल्यांदाच. त्या घोटलेल्या फरशीवर त्याइचा पाय घसरला अन् डोकं त्या कडेवर पडलं. लेकराच्या जागेवरच कोसळले, एकदाच हूं केलं. मंग काईच नाई."

एवढ्यात दार ढकलून सोमाजी आत आले. त्यांनी ऐकलं होतं. "बाई खोटं बोलते," ते म्हणाले. "मी मारलं. लिवा माझं नाव."

नागोरावांनी त्यांच्याकडं न पाहताच विचारलं, मग ही जागा कोणी सारवली? तुम्ही? 

"तो आवाज ऐकून आला, त्यानं फक्त उचललं," सुगंधाबाई म्हणाल्या. "वयनीले फाशी होईल म्हनून. म्हने, घोडीच्या खोलीत टाकू, जनावराचं कोन काय करते. मी हो म्हंतलं. पन तो त्याइले घेऊन गेला अन् ही जागा पाह्यली तं मले राहवलं नाई. नवरा गेलेली जागा तशीच कशी टाकू? शेन आनलं अन् सारवलं. हात आपोआपच फिरला. अन् दिवा तिकडे खोट्या जागी लावला असता, तं ते कुठी गेले असते सांगा."

पणतीचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. आता त्या रडत होत्या.

६

सोमाजींनी ठाणेदारांचे पाय धरले. साहेब, म्हणाले, अजून काही कागद झालेला नाही. अयूबला बोलवा, त्याला समजवा. त्यानं म्हणावं की मी चुकलो, घोडीनंच लाथ मारली. तोही सुटतो, बाईही वाचते. घोडीला मी गोळी घालतो. जनावरच आहे ते.

 नागोरावांनाही हे सुचलं नव्हतं असं नाही. उभा दिवस उन्हात गेला होता, आणि समोर एक बाई बसली होती जिनं आयुष्यात एकदाच हात उचलला होता. कोणाचं काय बिघडलं असतं? त्यांनी लच्छूला हाक मारली आणि अयूबला आत आणायला सांगितलं. त्याच्या मनगटावर दोराचे वळ उठले होते. नागोरावांनी स्वतः दोर सोडला आणि जे झालं ते त्याला सगळं सांगितलं. शेवटी सोमाजी काय म्हणतात तेही सांगितलं.

अयूबनं बाईंकडं पाहिलं, मग खाली.

"मले आधी मालूम असतं," तो म्हणाला, "तं मी सकाळी तोंड उघडलं नसतं. बाईनं माझे लेकरं आपल्या हातानं न्हाऊ घातले हायेत, साब. तुमी म्हनत असाल तं आता बी म्हनतो. घोडीनंच मारलं."

हे म्हणताना त्याचा आवाज फुटला.  नागोरावांनी लच्छूकडं पाहिलं. लच्छूनं वही काढली आणि पेन्सिल ओली केली. एक ओळ लिहिली असती की झालं असतं.

"नको लिवू, बापू," सुगंधाबाई म्हणाल्या. त्या उठल्या होत्या. "एक तान्हं सिमेंटाखाली गेलं, तेच मले सहन नाई झालं. आता मुकं जनावर माराले देऊ काय माह्यासाठी? अन् ह्या मानसाचं तोंड मी उद्या कसं पाहू?" त्या अयूबकडं वळल्या. "सकाळपासून तू बांधलेला होता अन् मी आत बसून होती. सांगतो, सांगतो म्हनत दिवस गेला. मी भ्याली होती. मले माफ कर."

अयूबनं हात वर केला, जोडायला की नको म्हणायला, ते त्याचं त्यालाही कळलं नसावं.

नागोरावांनी लच्छूला वही मिटायला सांगितली. खरं ते कुरखेड्याला, ठाण्यावर लिहायचं ठरलं. मुद्दाम मारलं नाही, फरशी घसरडी होती, हे ते स्वतः साक्षीला उभं राहून सांगणार होते आणि वझलवारलाही सांगायला लावणार होते. नाव खराब झालं तरी चालेल, म्हणावं, खाचा मारल्या नव्हत्या हे कोर्टात एकदा मोठ्यानं सांग. सोमाजींनाही यावं लागणार होतं. ते निमूटपणे सदरा घालायला घरात गेले.

प्रश्न होता बाईंना न्यायचं कसं. घरची बैलगाडी प्रेत घेऊन गडचिरोलीला गेली होती आणि गावातल्या बाकीच्या गाड्या तेंदूपत्त्याला. चालत न्यायचं तर रस्ता जंगलाचा. नागोराव हा विचार करीत परसात उभे होते, तेवढ्यात अयूब सारजाला घेऊन बाहेर आला. बाहेर आल्यावर घोडीनं अंग झाडलं, नाक फुरफुरलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा चारही पाय मोकळे टाकले. अयूबनं तिला मालकांच्या एका घोड्याच्या छकड्याला जुंपलं. बसायच्या फळीवर घोंगडी घडी घालून ठेवली.

सुगंधाबाईंनी ते पाहिलं आणि मागं सरल्या. "हिच्यावर नको," त्या म्हणाल्या. "हिच्या जिवावर मी उठली होती. मी चालत येतो."

"तिले काय मालूम, बाई," अयूब म्हणाला. "तिले फक्त बाहेर जाचं मालूम हाये. बसा."

कनीजनं पुढं होऊन त्यांना हाताला धरून चढवलं. सोमाजी मागं बसले, लच्छू त्यांच्याशेजारी. नागोरावांनी सायकल छकड्याला बांधली आणि पुढं अयूबजवळ बसले, कारण गुडघ्यात आता राम उरला नव्हता. मागं घोडबंगल्यात त्या एका खोलीत दिवा जळत होता.

गाव सुटल्यावर सुगंधाबाईंनी विचारलं, "अयूब, तेल संपलं तं?"

"मी हावो ना," तो म्हणाला. "रंभा सारवन, दिव्यात तेल मी घालीन. अन् लेकरावरची ती फरशी उद्याच फोडतो."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. घोडीनं आपणहून पाय उचलला, आणि अयूबनं तिला तिच्या मनासारखं चालू दिलं.